माकडांच्या आहारशास्त्राची पार्श्वभूमी: गिरणगावातल्या बायका आणि पिंजऱ्यातली माकडं

कान्हेरीला जाणारी माणसं माकडांपुढे केळी, चणे, वेफर्स टाकतात. त्यात माया असते, शनिवारी श्रद्धाही असते. माकड म्हटलं की केळं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. बंदिस्त माकडांना काय खायला घालावं हे शास्त्र मात्र फार वेगळ्या वाटेने घडलं, आणि त्या वाटेवर मुंबईचा एक महत्त्वाचा मुक्काम आहे.

राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय, १८६२ साली खुली झाली. त्या काळात जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत माकडं फार जगत नसत. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या माकडांची हाडं मुडदूसाने वाकत. जॉन ब्लँड-सटन या शल्यचिकित्सकाने १८८९ च्या सुमारास मुडदूस झालेली माकडं आणि सिंहाचे बछडे अभ्यासले. बछड्यांच्या खाण्यात कुटलेली हाडं आणि कॉड माशाचं तेल आल्यावर ते सुधारले. त्या तेलातल्या ‘ड’ जीवनसत्त्वाचा शोध लागायला अजून बराच काळ होता.

मुंबईचा संबंध येतो तो १९२८ मध्ये. इथल्या कापड गिरण्यांत राबणाऱ्या बायकांना गरोदरपणात एक जीवघेणा रक्तक्षय होत असे. त्याचं कारण शोधायला डॉ. लूसी विल्स इंग्लंडहून आल्या. मुंबईत त्यांचं काम परळच्या हाफकिन संस्थेतून चाले. संसर्ग आणि इतर कारणं तपासताना त्यांचं लक्ष या बायकांच्या जेवणाकडे वळलं. ताटात भाजीपाला आणि फळं नावालाच होती. आधी त्यांनी उंदरांवर प्रयोग केले, पण तिथे उवांमधून पसरणाऱ्या जंतूने घोळ घातला. मग या गरीब बायकांच्या जेवणासारखाच आहार त्यांनी लाल तोंडाच्या माकडांना दिला. माकडांनाही तसाच रक्तक्षय झाला. यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट, दिल्यावर ती सुधारली. रुग्ण बायकांवरही त्याचा गुण आला आणि १९३१ साली विल्स यांनी तो निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या अर्कातला घटक पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा करण्यात आला. आज गरोदर बाईला दिली जाणारी फॉलिक अॅसिडची गोळी ती हीच. हा इतिहास सांगताना माकडांचा उल्लेख बहुतेक वेळा एका ओळीत उरकला जातो, ते मला पटत नाही. गिरणगावातली बाई आणि पिंजऱ्यातलं माकड एकाच उणिवेने खंगत होती, आणि माकडाला हिरवा पाला किती गरजेचा आहे याचा भक्कम पुरावा त्यातूनच मिळाला.

बाकीचे धागे हळूहळू जुळत गेले. माणसाप्रमाणेच माकडांचं शरीरही ‘क’ जीवनसत्त्व तयार करू शकत नाही, त्यामुळे ते रोजच्या खाण्यातून मिळावं लागतं. दक्षिण अमेरिकेतल्या माकडांना ‘ड’ जीवनसत्त्वाचं वनस्पतिजन्य रूप ‘डी२’ फारसं उपयोगी पडत नाही, त्यांना ‘डी३’च लागतं, हे १९६० च्या दशकात कळलं. अमेरिकेत माकडांच्या पोषणगरजांची प्रमाणित पुस्तिका १९७८ मध्ये निघाली. त्याच वर्षी भारताने प्रयोगांसाठी होणारी माकडांची निर्यात बंद केली.

केळ्याचं काय? बाजारातलं फळ माणसाच्या जिभेसाठी वाढवलेलं असतं. रानातल्या फळांपेक्षा त्यात साखर जास्त, तंतू आणि प्रथिनं कमी. इंग्लंडच्या पेंटन प्राणिसंग्रहालयाने २०१४ साली माकडांची केळी बंद करून पालेभाज्या वाढवल्या, कारण साखरेने दात किडत होते आणि मधुमेहाचा धोका वाढत होता.

शिवाय सगळ्यांचं पोट सारखं नसतं. लाल तोंडाचं माकड आणि टोपीसारखे केस असलेलं माकड गालाच्या पिशव्यांत खाणं भरून घेतात. फळं, बिया, किडे, कोवळी पानं, त्यांना बरंच काही चालतं. काळ्या तोंडाच्या वानराचं पोट मात्र कप्प्याकप्प्यांचं. तिथे जिवाणू पाला आंबवतात, तेव्हा कुठे तो पचतो. त्यात गोड फळं किंवा पाव एकदम पडला की आम्ल वाढतं, पोट फुगतं आणि प्रसंगी जनावर दगावतं. म्हणून वानराच्या रोजच्या खाण्यात डहाळ्या आणि पाला मुख्य ठेवावा लागतो. पाला ओरबाडत बसण्यात त्याचा वेळही जातो, आणि पिंजऱ्यातल्या कंटाळवाण्या दिवसात त्यालाही तेवढंच मोल आहे.

रखवालदाराने सकाळी मोजून दिलेल्या खाण्याचा हिशोब दुपारी पाहुण्यांनी टाकलेल्या वेफर्सनी पार बिघडतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. प्राणिसंग्रहालयातल्या कुठल्याही प्राण्याला प्रेक्षकांनी खाऊ घालण्यावर बंदी आणणारं कलम त्यात १९९१ च्या दुरुस्तीने आलं.