कापलेल्या फांदीला डांबर फासायचं का?

नोकरी सोडून ट्री सर्जन (झाडांची छाटणी आणि निगा राखणारा कारागीर) व्हायला निघालेले बरेच जण दोर आणि करवतीसोबत डांबराचा डबाही घेतात. फांदी कापली की जखम लिंपायची, नाहीतर झाड कुजतं, हा समज कधीचा चालत आलाय. तो चुकीचा आहे.

झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. बाधित भाग झाड आतूनच भिंत घालून वेगळा पाडतं आणि कडेनं नवं लाकूड चढवतं. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं करवतीनं चिरून हे दाखवलं; १९७७ साली ते सविस्तर छापूनही आलं. डांबराखाली उलट ओल कोंडते आणि बुरशीचं फावतं.

खरं कसब कापण्यात आहे. फांदी खोडाला मिळते तिथे सुरकुतलेला फुगवटा दिसतो, त्याच्या जरा बाहेर कापायचं. जड फांदी असेल तर आधी थोडं पुढे खालून खाच, मग तिच्या पलीकडे वरून काप, शेवटी उरलेला खुंट. खाच विसरलात तर फांदी खोडाची साल ओरबाडत खाली येते. (बागायतदार कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावतात; ते मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, डांबर नव्हे, तिचा हिशेब वेगळा.)

आणि हो, महाराष्ट्रातल्या शहरांत १९७५ चा वृक्ष कायदा आहे. परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय झाडावर चढू नका; ‘सोसायटीनं सांगितलं’ हे कारण चालत नाही.