कुरवाच्या चोचीवरचा थेंब

समुद्र म्हणजे आमचा फुटाळा तलावच, फक्त मोठा, पलीकडचा काठ दिसत नाही एवढंच, असं समजून आम्ही चौघा नागपूरकरांनी डिसेंबरात दापोलीजवळ कर्देच्या वाळूत तंबू ठोकले. फुटाळ्याला भरती येत नाही, त्यामुळे पहाटे तीनला पाणी तंबूत. अंथरुणं भिजली ते ठीक, पण पिण्याच्या पाण्याचा कॅन आडवा झाला अन् झाकण ढिलं होतं. उरली फक्त घरून आणलेली संत्री.

तीच सोलत बसलो होतो तर दुर्बीण लावलेला मित्र ओरडला, "अबे, हा समुद्राचं पाणी पिऊन राहिला नं!" तपकिरी डोक्याचा कुरव, म्हणजे सीगल होता (हिवाळ्यात याचं डोकं तपकिरी नसतंच, डोळ्यामागे काळपट डाग तेवढा). चोच बुडवायची, मान वर करायची, गिळायचं. थोड्या वेळानं चोचीच्या टोकाला थेंब लटकला, डोकं झटकलं, परत दुसरा थेंब. मित्र म्हणे, सर्दी झाली बिचाऱ्याला. सर्दी कसली, मीठ टाकत होता तो.

हिशोब सोपा आहे. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ. आपली किडनी लघवीत फार तर २ टक्क्यांच्या आसपास मीठ कोंबू शकते, म्हणजे लिटरभर पिऊन पावणेदोन लिटर बाहेर टाकायचं, फुकटचा तोटा. कुरवाच्या नाकातून गळणारं पाणी ५ टक्के खारट, म्हणून त्याच लिटरमागे ७०० मिली गेलं तरी ३०० मिली गोडं पाणी शिल्लक. फॅमिली ग्रुपवर 'समुद्राचं पाणी प्या, बॉडी डिटॉक्स होते' असले फॉरवर्ड टाकणाऱ्या काकांनी आधी नाकातून मीठ काढून दाखवावं.

हे काम करतात डोळ्यांच्या वर, कवटीच्या खाचेत बसलेल्या दोन ग्रंथी. प्राण्यांच्या शरीरक्रियेचे अभ्यासक नूट श्मिट-नील्सन यांनी १९५०च्या दशकात हे शोधलं. आता खरी गंमत. ग्रंथीतल्या नळ्यांच्या पेशींत सोडियमचा पंप असतो, एका फेरीत ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत, पण तो बसवलाय रक्ताच्या बाजूला! म्हणजे मीठ टाकायचंय नळीत आणि मोटर उपसतेय उलटीकडे. कॉलेजात वाचलं तेव्हा मला छपाईची चूकच वाटली होती. पण या उपशानं पेशीत सोडियमचा दुष्काळ पडतो, मग रक्तातलं सोडियम आत घुसायला बघतं, आणि त्याच्यासाठी जे दार आहे ते १ सोडियम, १ पोटॅशियम आणि २ क्लोराइड असे चौघं एकत्र आले तरच उघडतं. सोडियम परत उपसलं जातं, क्लोराइड साचत जातं, मग ते नळीच्या बाजूनं निसटतं, ऋण भार असल्यानं पेशींच्या फटींतून सोडियमलाही आपल्यामागे ओढून नेतं, अन् नळीत दोघं भेटले की झालं मीठ. (इथवर येईस्तोवर मित्र तंबू वाळवायला निघून गेला होता.)

मोटरला वीज लागतेच, म्हणून या पेशी मायटोकाँड्रियांनी, म्हणजे पेशीतल्या वीजघरांनी, गच्च भरलेल्या असतात. ग्रंथी किडनीसारखी सतत चालतही नाही, रक्तात मीठ वाढलं की मज्जातंतू स्विच दाबतात. पक्षी गोड्या पाण्यावर राहिला की ती आकसते, खाऱ्यावर गेला की फुगते. बदकांतही हेच. त्यामुळे हल्ली नागपुरात गोरेवाडा तलावावर बदकं दिसली की मी आधी त्यांच्या डोळ्यांवरच दुर्बीण रोखतो. दिसत काहीच नाही, पिसं आडवी येतात.