नोटिस टू अपिअर (अमेरिका)

अमेरिकेत परदेशी नागरिकावर हद्दपारीचा खटला सुरू होतो तो ‘नोटिस टू अपिअर’ म्हणजे हजर राहण्याच्या नोटिशीने. तिला थोडक्यात एनटीए म्हणतात, फॉर्म आय-८६२. १९९६ च्या कायद्याने ती आली आणि एप्रिल १९९७ पासून लागू झाली. नोटीस गृहसुरक्षा खाते बजावते, सुनावणी मात्र न्याय खात्याच्या अखत्यारीतील इमिग्रेशन न्यायालयात होते. खटला दिवाणी स्वरूपाचा असतो. वकील देता येतो, पण सरकारी खर्चाने मिळत नाही.

नोटिशीत आधी क्रमांक घातलेली विधाने आणि त्यांखाली आरोप असतो. न्यू जर्सीत मुलाकडे आलेल्या आईचा मुक्काम मुदतीबाहेर लांबला, तर विधाने साधारण अशी असतात: १. तुम्ही अमेरिकेच्या नागरिक नाही. २. तुम्ही भारताच्या नागरिक आहात. ३. अमुक तारखेला नेवार्क येथे बी-२ (पर्यटक) व्हिसावर तुम्हाला अमुक तारखेपर्यंत प्रवेश मिळाला. ४. त्यानंतरही तुम्ही परवानगीशिवाय राहिलात. आरोपाचे कलम, अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यातले, २३७(ए)(१)(बी). एच-१बी व्हिसावरची नोकरी गेल्यावर व्हिसाचा दर्जा टिकला नाही, असा आरोप असेल तर २३७(ए)(१)(सी)(आय).

विधानांच्या वर तीन चौकटी असतात आणि त्यांतली कोणती खूण केलेली आहे, हे सर्वांत आधी पाहावे, कारण पुराव्याचा भार कोणावर हे बहुतांशी त्यावर ठरते. रीतसर प्रवेश मिळालेल्यांवर कलम २३७ लागते आणि आरोप स्पष्ट व खात्रीलायक पुराव्याने सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची असते. तपासणीविना आत आलेल्यांवर कलम २१२ लागते. तिथे सरकारने ती व्यक्ती परदेशी आहे एवढे दाखवले, की केव्हा, कुठून व कसे आलो हे तिनेच सिद्ध करायचे. प्रवेशनाक्यावरच अडवलेल्यांसाठी तिसरी चौकट आहे.

‘मास्टर’ म्हणजे प्राथमिक सुनावणीत न्यायाधीश प्रत्येक विधान मान्य की अमान्य, असे वेगवेगळे विचारतात. एकदा दिलेली कबुली सहसा मागे घेता येत नाही. म्हणून पासपोर्टवरचा शिक्का आणि आय-९४ ही प्रवेशाची सरकारी नोंद समोर ठेवून प्रवेशाची तारीख, ठिकाण व व्हिसाचा प्रकार आधीच ताडून घ्यावा. आरोप मान्य केला म्हणजे सगळे संपले, असेही नाही. आश्रय किंवा हद्दपारी रद्द करण्याचा अर्ज त्यानंतरही करता येतो. उलट, सरकारही आय-२६१ फॉर्मने नवे आरोप जोडू शकते.

अनेक नोटिशींत सुनावणीची तारीखच नसे. २०१८ च्या परेरा आणि २०२१ च्या निझ-चावेझ निकालांत सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की अशा अपुऱ्या नोटिशीने हद्दपारी रद्द होण्यासाठी लागणाऱ्या १० वर्षांच्या वास्तव्याची मोजणी थांबत नाही. परंतु २०२४ च्या कॅम्पोस-चावेस निकालानुसार, मागाहून आलेल्या पत्रातील तारखेला हजर राहिले नाही तर गैरहजेरीत दिलेला हुकूम केवळ मूळ नोटिशीतील त्या उणिवेमुळे रद्द होत नाही. ही पत्रे न्यायालयाच्या नोंदीतील पत्त्यावर जातात, त्यामुळे घर बदलल्यास ५ दिवसांत पत्ता बदलाचा ईओआयआर-३३ फॉर्म भरावा लागतो.