पहिला घाव थेंबाचा

जमिनीची धूप कशाने होते, असं चर्चच्या संडे स्कूलमध्ये विचारलं की मुलांचं उत्तर ठरलेलं असतं: वाहत्या पाण्याने. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातही (14:19) पाण्याचे लोंढे माती वाहून नेतात. पण लोंढ्याच्या आधी घाव घालतो तो थेंब, आणि तोच मुलांना दाखवायला मला फार आवडतं.

पावसाचा 5 मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे 9 मीटर वेगाने आदळतो. व्यास दुप्पट झाला की वस्तुमान आठपट होतं, शिवाय मोठा थेंब पडतोही जास्त वेगाने. गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, म्हणून टपोऱ्या थेंबांचा पाऊस रिमझिमीपेक्षा कितीतरी जास्त माती उखडतो. सेंद्रिय द्रव्य आणि बुरशीच्या तंतूंनी बांधलेले मातीचे इवलेसे गोळे या माराने फुटतात. सुटलेले बारीक कण छिद्रांत जाऊन बसतात, वर पापडी धरते. मग पाणी मुरायचं थांबतं आणि उताराला लागतं.

दोन ट्रेंमध्ये माती भरा. एक उघडा ठेवा, दुसऱ्यावर वाळका पाला पसरा. मागे पांढरा कागद उभा करा आणि खुर्चीवर चढून, भोकं पाडलेल्या बाटलीतून पाणी सोडा. एवढ्या उंचीवरून थेंबाला पावसाचा पूर्ण वेग येत नाही, तरी उघड्या मातीमागचा कागद चिखलाच्या ठिपक्यांनी भरून जातो. पाल्यामागचा जवळपास कोरा राहतो.

मग आम्ही उत्पत्ती 2:15 उघडतो. देवाने माणसाला एदेन बागेत ठेवलं ते मशागत आणि राखण करायला. हिब्रूत माती म्हणजे ‘अदामा’, माणूस म्हणजे ‘आदाम’. मशागत सगळ्यांच्या लक्षात राहते. राखण म्हणजे पाल्याचं आच्छादन आणि समपातळीवरचे बांध, हे मुलांना कागद पाहिल्यावर पटतं. 1939 मध्ये अमेरिकन मृदातज्ज्ञ वॉल्टर लाउडरमिल्क यांनी जेरुसलेम रेडिओवरून बायबलमधल्या दहा आज्ञांना जोडून जमिनीच्या राखणीची ‘अकरावी आज्ञा’ मांडली होती.

पहिला माणूस आदाम याच्या पापाने भूमी शापित झाली, म्हणून जमीन नापीक, असं सांगून विषय मिटवणं मला पटत नाही. उतारावरचं गवत कुणी काढलं, हा मुलाचा प्रश्न तिथेच मरतो.

उघड्या ट्रेमधून वाहिलेलं पाणी आम्ही बरणीत भरून ठेवतो. वाळू बघता बघता तळाशी बसते. चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण, ज्यांना पिकाची अन्नद्रव्यं चिकटलेली असतात, ते तरंगतच राहतात. पुढच्या रविवारी मुलं आधी बरणीकडे धावतात, तेव्हाही पाणी गढूळच असतं.