पक्की नोकरी: कोणी दिली, कोणाला मिळाली

करिअर निवडायची वेळ आली की घरातले मोठे पहिला प्रश्न विचारतात, "नोकरी पर्मनंट आहे ना?" प्रश्न रास्त आहे. ज्याच्या पगारावर घर चालते त्याला पुढच्या महिन्याची खात्री हवीच. मात्र उत्तर शोधताना आपण असे धरून चालतो की सुरक्षितता त्या क्षेत्राच्या अंगातच असते: सरकारी म्हणजे पक्के, अमुक क्षेत्र म्हणजे बेभरवशाचे. इतिहास तसे सांगत नाही. नोकरीची हमी जिथे जिथे दिसते, तिथे ती कधीतरी, बहुधा एखाद्या मोठ्या भांडणानंतर, कोणीतरी लिहून दिलेली आहे. तिला तारीख आहे, अटी आहेत, आणि ती कोणाला लागू होते याची रेषाही आखलेली आहे.

पहिली हमी वरिष्ठांच्या लहरीविरुद्ध होती. इंग्लंडमध्ये राजाची मर्जी फिरली की न्यायाधीश घरी जात. 1701 च्या 'ॲक्ट ऑफ सेटलमेंट'ने ठरवले की वर्तन चांगले आहे तोवर न्यायाधीश पदावर राहील. आजच्या जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याने 1805 मध्ये अधिकाऱ्यांचे पद आणि निवृत्तिवेतन कायद्याने बांधून दिले. अमेरिकेला मात्र त्यासाठी जबर किंमत मोजावी लागली. तिथे निवडणूक जिंकलेला पक्ष टपाल कचेरीपासून जकात नाक्यापर्यंतच्या जागा आपल्या माणसांना वाटत असे. 1881 मध्ये, पद न मिळाल्याने चिडलेल्या एकाने राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि काही आठवड्यांनी त्यांचा मृत्यू झाला. 1883 च्या पेंडलटन कायद्याने परीक्षेतून भरती सुरू केली आणि राजकीय कारणासाठी काढून टाकण्याला बंदी घातली. सुरुवातीला हा कायदा संघराज्याच्या जेमतेम दहा टक्के नोकऱ्यांना लागू होता. सबळ कारणाशिवाय कर्मचाऱ्याला काढता येणार नाही, हे कलम यायला 1912 उजाडले.

यातली एक गोष्ट आज फार विसरली जाते. हे संरक्षण कर्मचाऱ्यावर दया म्हणून दिलेले नव्हते. कारभार पक्षांच्या हातून सुटावा, अधिकाऱ्याला "नाही" म्हणता यावे, हा त्यामागचा हेतू होता. प्राध्यापकांचेही तसेच. 1900 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातून एडवर्ड रॉस या अर्थशास्त्रज्ञाला त्याच्या मतांपायी जावे लागले, त्यावरून मोठे वादळ उठले, आणि पुढे 1915 मध्ये अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी आपली संघटना उभी केली. उमेदवारीचा (प्रोबेशनचा) काळ सात वर्षांहून जास्त नसावा आणि त्यानंतर नोकरी कायम असावी, हे तत्त्व त्या संघटनेच्या 1940 च्या निवेदनात आहे. भारताच्या राज्यघटनेत हीच ओढाताण शेजारच्या दोन कलमांत दिसते: 310 म्हणते की नोकरी राष्ट्रपती किंवा राज्यपालांच्या मर्जीवर, आणि 311 म्हणते की चौकशी केल्याशिवाय, बाजू ऐकल्याशिवाय बडतर्फ करता येणार नाही.

कारखान्यातल्या कामगाराला असे काही मिळायला आणखी बराच काळ गेला. 1899 मध्ये डेन्मार्कमध्ये मालक आणि कामगार संघटनांनी जो ऐतिहासिक समझोता केला, त्यात कामगारांना संघटनेचा अधिकार मिळाला, पण कामावर घेणे आणि काढणे मालकाच्याच हाती राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर वारे बदलले. पश्चिम जर्मनीत 1951 मध्ये बडतर्फीपासून संरक्षण देणारा कायदा आला, ब्रिटनमध्ये 1965 मध्ये कपातीची भरपाई बंधनकारक झाली, इटलीच्या 1970 च्या कायद्यातल्या कलम 18 ने अन्यायाने काढलेल्या कामगाराला पुन्हा कामावर घेण्याची सक्ती केली. भारतात 1976 च्या दुरुस्तीनंतर 300 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला कपातीआधी सरकारची परवानगी घ्यावी लागू लागली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार क्रमांक 158 हा 1982 चा. रास्त कारणाशिवाय कोणाला काढू नये, हे त्याचे सार.

जपानची गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. जपानी माणूस मुळातच एका कंपनीला आयुष्य वाहतो, असे सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही, कारण युद्धानंतरची पहिली वर्षे तिथे कडव्या संपांची होती. 1950 मध्ये टोयोटा बुडायच्या बेतात होती. कपात, दोन महिन्यांचा संघर्ष, सुमारे 1,600 कामगारांची निवृत्ती, आणि शेवटी संस्थापक किइचिरो टोयोडा यांचा राजीनामा. अशा संघर्षांत पोळल्यावर मोठ्या कंपन्यांनी आणि त्यांच्या संघटनांनी न लिहिलेला सौदा केला: आम्ही काढणार नाही, तुम्ही बदली, नवे यंत्र, नवे काम नाकारू नका. पुढे न्यायालयांनी त्याला बळ दिले. 1975 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की पटण्याजोगे कारण नसेल तर बडतर्फी हा अधिकाराचा गैरवापर आहे.

हा सौदा मुख्यतः मोठ्या कंपन्यांतल्या पुरुषांसाठी होता. पक्क्या नोकरीच्या जवळजवळ प्रत्येक कहाणीत ही बाजू येते आणि ती सांगितलीच पाहिजे. ब्रिटनच्या नागरी सेवेत लग्न झाले की बाईने नोकरी सोडायची, असा नियम 1946 पर्यंत होता. परराष्ट्र सेवेत तर 1973 पर्यंत. आयर्लंडनेही तो 1973 मध्येच काढला. भारतीय परराष्ट्र सेवेत महिला अधिकाऱ्याला लग्नाआधी लेखी परवानगी घ्यावी लागे. सी. बी. मुथम्मा या अधिकारी न्यायालयात गेल्या, आणि 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असल्या नियमांवर कडक ताशेरे ओढले. भावाची नोकरी तहहयात आणि त्याच परीक्षेतून आलेल्या बहिणीची लग्नापर्यंत! ज्या काळाला आपण सुरक्षिततेचा सुवर्णकाळ म्हणतो, त्यात हे सगळे उघडपणे, कायदेशीरपणे चालत होते.

गेल्या पन्नासेक वर्षांत ही हमी हळूहळू काढून घेतली गेली. कशी काढली गेली, हे करिअर निवडणाऱ्याने नीट पाहायला हवे. आत असलेल्यांना सहसा हात लावला गेला नाही. दार नव्यांसाठी बदलले.

1974 मध्ये न्यूयॉर्कच्या मोठ्या वृत्तपत्रांनी जुळारी, म्हणजे छपाईची अक्षरे जुळवणाऱ्या, कामगारांच्या संघटनेशी करार केला. संगणकावरची जुळणी येऊ द्या, त्या बदल्यात सध्याच्या कामगारांना आयुष्यभर नोकरी. करार पाळला गेला. पण ज्या तरुणाला तेव्हा हा व्यवसाय शिकायचा होता, त्याच्यासाठी त्या हमीत काहीच नव्हते. व्यवसायच मावळणार होता. स्पेनने 1984 मध्ये कायम कामगारांचे संरक्षण तसेच ठेवून तात्पुरत्या करारांना मोकळीक दिली, आणि पुढच्या दशकात साधारण तिसरा हिस्सा नोकरदार तात्पुरते झाले. चीनने 1986 मध्ये सरकारी कारखान्यांत नव्याने येणाऱ्यांना करारावर घ्यायला सुरुवात केली, जुने कामगार कायम राहिले. त्यांच्यावर कुऱ्हाड कोसळली ती 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात. जपानमध्ये तेजीचा फुगा फुटल्यावर कंपन्यांनी जुन्यांना सांभाळले आणि भरती आखडली. त्या दशकात पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांपैकी अनेकांना अर्धवेळ किंवा ठेकेदारामार्फत मिळणाऱ्या कामावर दिवस काढावे लागले. अभ्यासक्रम तोच, कंपन्या त्याच, फक्त जन्मसाल चुकले. भारतात 1 जानेवारी 2004 पासून केंद्राच्या सेवेत आलेल्यांना, सैन्यदले सोडून, जुनी पेन्शन राहिली नाही. इटलीत 7 मार्च 2015 पासून लागलेल्यांना कलम 18 चे पुनर्नियुक्तीचे संरक्षण बहुतांशी उरले नाही, आदल्या दिवशी लागलेल्यांना मात्र होते.

वेगळ्या जातीची सुरक्षितता परवान्याच्या व्यवसायांत आहे. ब्रिटनमध्ये 1858 च्या कायद्याने डॉक्टरांची अधिकृत नोंदवही सुरू झाली. इथे हमी मालक देत नाही, नोंदणी देते, आणि ती माणसाबरोबर एका रुग्णालयातून दुसऱ्यात जाते. अमेरिकेत 1950 च्या सुमारास जेमतेम पाच टक्के कामगारांना असा परवाना लागत असे, आता वीस टक्क्यांहून जास्त जणांना लागतो. तरी एका राज्याचा परवाना दुसऱ्यात चालेलच असे नाही.

म्हणून एखाद्या क्षेत्राबद्दल विचारायचे तर तीस वर्षे तिथे काढलेल्या काकांना जरूर विचारा, पण त्यांची नोकरी ज्या अटींवर होती त्या तुम्हाला मिळतील असे समजू नका. गेल्या दोन-तीन वर्षांत लागलेला कोणी गाठा. त्याचे नियुक्तीपत्र पाहा: उमेदवारीचा काळ किती, करार किती महिन्यांचा, तो वाढवणे कोणाच्या हातात, आणि कपातीची वेळ आली तर आधी कोणाचे नाव.