अंगापिंडानं मोठ्या चालकांनी क्रूझर घ्यावी की टूरर?

दुकानात येणाऱ्या धिप्पाड ग्राहकांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं : "साध्या गाडीवर मी सर्कशीतल्या अस्वलासारखा दिसतो हो." आणि लगेच दुसरं : "म्हणून क्रूझरच घ्यायची ठरवलीय." पहिल्या वाक्यावर आम्ही वाद घालत नाही. दुसऱ्यावर घालतो, आणि तो दर वेळी तोंडी घालण्यापेक्षा एकदा छापून ठेवावा म्हणून हे पत्रक.

आम्ही वापरलेल्या गाड्या तपासून विकतो आणि नवी असो वा जुनी, गाडी मालकाच्या अंगाला बसवून देतो. दोन्ही प्रकार दुकानात असतात, त्यामुळे कुणाला एका बाजूला ढकलण्यात आमचा काही फायदा नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. क्रूझर म्हणजे सीट खाली, पाय पुढे, हँडल अंगाजवळ आलेलं. आपल्याकडची ओळखीची उदाहरणं म्हणजे रॉयल एनफील्डच्या मीटिअर ३५०, सुपर मीटिअर ६५० आणि आकुर्डीच्या बजाजची ॲव्हेंजर, जिचं मूळ कावासाकीच्या एलिमिनेटरमध्ये आहे. टूरर म्हणजे पाठ ताठ, पाय कमरेखाली, पुढे काच, मागे सामानाची सोय. यात बजाजची डॉमिनार ४०० येते, आणि रॉयल एनफील्डची उंच पायांची हिमालयन ४५० सुद्धा. हिमालयनला कंपनी ॲडव्हेंचर म्हणते, पण पुण्यातले बहुतेक लोक ती लांबच्या प्रवासासाठीच घेतात, म्हणून इथे ती टूररमध्येच धरली आहे.

मोठा म्हणजे कसा मोठा?

सहा फूट दोन इंच उंचीचा, ८५ किलोचा माणूस मोठा. पाच फूट सहा इंचांचा, ११० किलोचा माणूसही मोठा. दोघांना एकच गाडी सुचवणारा विक्रेता भेटला तर चहा पिऊन निघून यावं.

उंच माणसाची अडचण गुडघ्यात असते. सीटपासून फूटरेस्टपर्यंतचं अंतर कमी असेल तर गुडघा फार दुमडतो आणि शिरवळ येईपर्यंत पाय अवघडतात. क्रूझरवर पाय पुढे सोडता येतात म्हणून पहिला तासभर बरं वाटतं. पण सीट बसकी असल्यानं मांड्या सीटवरून उचलल्या जातात आणि सगळा भार माकडहाडावर येतो. अशा माणसासाठी उंच सीटची टूरर हे आमचं जवळजवळ ठरलेलं उत्तर आहे. हिमालयन ४५० ची सीट ८२५ मिलिमीटरवर आहे आणि ती ८४५ पर्यंत वर घेता येते. मीटिअरची ७६५ वर, सुपर मीटिअरची ७४० वर.

जड माणसाची अडचण स्प्रिंगमध्ये असते. तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे, कारण याच ठिकाणी सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

बुटक्या आणि जड माणसाला अडचणी दोन्हीकडच्या. मांड्या जाड असल्या की पाय फाकतात आणि तेवढं पाऊल जमिनीपासून वर राहतं, म्हणून पँटच्या मापावरून सीटची उंची ठरवली तर फसगत होते. पण याच्या उलटही एक गोष्ट आहे. तुमच्या वजनानं गाडी बसते, म्हणजे पत्रकात ८२५ लिहिलेली सीट तुमच्यासाठी ८२५ वर राहतच नाही. पाच फूट सात इंचांचे एक ग्राहक "ही माझ्यासाठी नाही" म्हणत हिमालयनवर चढले आणि दोन्ही पायांचे चवडे टेकल्यावर स्वतःच चकित झाले. आकडा वाचून गाडी नाकारू नका, बसून नाकारा.

शॉकअप : जिथे खरा निकाल लागतो

कुठल्याही गाडीवर बसलं की शॉकअप थोडा दबतो. तेवढा दबायलाच हवा, म्हणजे खड्ड्यात चाक खाली जाऊ शकतं. ढोबळ हिशेब असा, की शॉकअपची जेवढी चाल, म्हणजे जास्तीत जास्त दबण्याची जागा, असेल तिच्या पाव ते एक तृतीयांश चाल गाडी आणि चालक यांच्या वजनात जावी आणि बाकीची रस्त्यासाठी शिल्लक राहावी. सुपर मीटिअरच्या मागच्या शॉकअपची चाल १०१ मिलिमीटर आहे, हिमालयन ४५० ची २००. कंपन्या स्प्रिंग ठरवतात ती मध्यम वजनाचा माणूस डोळ्यांपुढे ठेवून. तुम्ही १२० किलोचे असाल तर छोट्या चालीच्या गाडीत निम्मी चाल तुम्ही बसल्या बसल्याच संपवता. उरलेल्या निम्म्यात पुण्याचे रस्ते मावत नाहीत. मग शॉकअप तळाला आपटतो आणि तो दणका थेट मणक्यात जातो, कारण क्रूझरवर पाय पुढे असल्यानं खड्डा दिसला तरी फूटरेस्टवर उभं राहता येत नाही. टूररवर ढुंगण चार बोटं उचललं की काम भागतं.

"मग प्रीलोड कडक करून द्या", म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवा, असं इथे बरेच जण म्हणतात. देतो, पण त्यानं नेमकं काय होतं ते माहीत असावं. वाकडा पाना घालून ती खाचांची रिंग फिरवली म्हणजे स्प्रिंग कडक होत नाही. गाडी फक्त वर उचलली जाते. स्प्रिंगचा मूळ कडकपणा तोच राहतो. साधारण ९५-१०० किलोपर्यंतच्या चालकाचं काम प्रीलोडवर भागतं. त्यापुढे सगळ्या खाचा संपवूनही गाडी जास्तच बसत असेल तर कडक स्प्रिंग किंवा वेगळा शॉकअप हाच उपाय. तो खर्च गाडी घेण्याआधीच हिशेबात धरा.

हे मोजायला आमची गरज नाही. गाडी मेन स्टँडवर लावा, मागचं चाक अधांतरी ठेवा. चाकाच्या आसापासून सरळ वर सीटखालच्या एखाद्या पक्क्या खुणेपर्यंत टेपनं अंतर घ्या. मग जॅकेट, बूट, हेल्मेट घालून गाडीवर बसा, दोघांना गाडी सरळ धरायला सांगा आणि तिसऱ्याकडून तेच अंतर पुन्हा मोजून घ्या. दोन मापांतला फरक म्हणजे गाडीच्या आणि तुमच्या वजनानं मिळून संपलेली चाल. वजनकाट्यापेक्षा हा काटा जास्त प्रामाणिक आहे, त्यावर पोट आत ओढून उपयोग नसतो.

गतिरोधकाचं गणित

रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या म्हणण्याप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. तो इतका पसरट असतो की सुमारे दीड मीटर अंतरावरची दोन्ही चाकं एकाच वेळी त्याच्यावर असतात, आणि दोन चाकांच्या मध्ये जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर उंचवटा येतो. कुठलीही क्रूझर तो सहज ओलांडते.

आता तुमच्या सोसायटीच्या फाटकासमोरचा आठवा. एका रात्रीत उगवलेला, हातभर रुंदीचा. पुढचं चाक उतरलेलं, मागचं चढायचं बाकी, आणि गतिरोधकाची सगळी उंची बरोबर इंजिनाखाली. सुपर मीटिअरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचा तळ यांतलं अंतर, १३५ मिलिमीटर आहे. त्यातून १०० वजा करा, मग तुमच्या वजनानं गाडी बसली तेवढे वजा करा, मग मागे बसलेल्या माणसाचे. उरतो तो आवाज. हिमालयनला हेच गणित २३० पासून सुरू करता येतं. रोजचा रस्ता सिमेंटचा आणि सरळ असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. पण आतल्या गल्ल्यांतूनच ये-जा असेल तर शोरूमला जाण्याआधी तुमच्या वाटेवरचे असे अरुंद दांडे मोजून या.

मग क्रूझर घ्यायचीच नाही का?

घ्या की. सीट खाली असल्यानं सिग्नलला दोन्ही तळवे पक्के टेकतात. गुडघा किंवा खुबा दुखणाऱ्या माणसाला उंच सीटवरून पाय टाकणं हीच शिक्षा असते, त्याच्यासाठी क्रूझर हा दिलासा आहे. पुढे झुकावं लागत नाही म्हणून पोट टाकीवर दाबलं जात नाही. ऐंशीच्या आतल्या वेगानं वाईपर्यंत जायचं, मध्ये दोनदा चहा आणि संध्याकाळी घरी, एवढाच बेत असेल तर मीटिअरसारखी गाडी सुख देते. पन्नाशी ओलांडलेल्या, कमी उंचीच्या जड चालकाला आम्ही स्वतःहून क्रूझर दाखवतो. गाडीसकट कलंडून पाय मोडण्यापेक्षा कंबर थोडी दुखलेली बरी.

फक्त "जड माणसाला जड गाडी" हा समज सोडा. सुपर मीटिअर २४१ किलोची आहे, मीटिअर १९१, डॉमिनार १९३, हिमालयन १९६. चालताना २४१ किलो जाणवत नाहीत. ते जाणवतात पेठेतल्या गल्लीत, जेव्हा उतारावर तोंड करून लावलेली गाडी मागे ओढून काढायची असते आणि शेजारच्या ओट्यावर तीन सल्लागार बसलेले असतात.

घाटात क्रूझरचे फूटरेस्ट लवकर घासतात. गाडी तुमच्या वजनानं बसलेली असेल तर आणखी लवकर. वरंध किंवा ताम्हिणी तुमच्या वाटेवर वारंवार येत असतील तर याचा विचार कराच. साताऱ्याच्या हायवेवर मुद्दा वाऱ्याचा. हात पसरून, छाती समोर करून बसलेला रुंद माणूस नव्वदच्या वेगात शिडासारखा वारा झेलतो, आणि दोन तासांनी मान आणि खांदे बोलू लागतात. काच लावून घ्या, पण उंच चालकांनी काचेची उंची स्वतः चालवून तपासावी. काच आखूड पडली तर सगळा वारा नेमका हेल्मेटवर येतो आणि ती नसलेलीच बरी वाटते. मुंबईकडे जाणाऱ्यांना हा त्रास कमी, कारण द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे आणि जुन्या रस्त्यानं लोणावळ्यातून जाताना वेग तसाही मिळत नाही.

सीट

शोरूममधल्या दोन मिनिटांत प्रत्येक सीट गादीच वाटते. मऊ फोम जड माणसाखाली पंधरा मिनिटांत चपटा होतो आणि मग तुम्ही खालच्या पत्र्यावर किंवा प्लास्टिकवर बसलेले असता. तुम्हाला हवा घट्ट फोम आणि मागे रुंद होत जाणारी बैठक. नाना पेठेत सीट बांधून देणारे कारागीर आहेत. फोम बदलून घेणं हा गाडी बदलण्यापेक्षा फार स्वस्त उपाय आहे आणि आम्ही आधी तोच सुचवतो, मग आमची विक्री बुडाली तरी चालेल.

मागे कोण बसणार?

वहिनी पुण्यातल्या पुण्यात बसणार की गणपतीपुळ्यापर्यंत, हे खरं सांगा. क्रूझरची मागची सीट बहुधा लहान असते, ती मागच्या चाकाच्या वर येते, आणि पुढचा माणूस रुंद असेल तर तिच्यातलीही जागा तोच खातो. इथे टूरर सरळ जिंकते.

वजनाची बेरीजही करा. तुम्ही ११५, त्या ६५, कपडे-बूट-हेल्मेट मिळून १०, बॅगा १५, म्हणजे २०५ किलो झाले. मधल्या आकाराच्या बहुतेक गाड्यांची भार वाहायची मर्यादा दीडशे ते दोनशे किलोंच्या दरम्यान असते. मालक-पुस्तिकेत एकूण कमाल वजन दिलेलं असतं, त्यातून गाडीचं वजन वजा करा. टायरच्या कडेलाही एक आकडा असतो : ६२ म्हणजे तो टायर २६५ किलो पेलतो, ६६ म्हणजे ३००. जुनी गाडी घेताना आधीच्या मालकानं स्वस्तातला, कमी आकड्याचा टायर तर टाकला नाही ना, हे आम्ही पहिल्यांदा बघतो. आणि हवा. जड चालकानं एकट्यानं जातानाही पुस्तिकेतला मागे माणूस असतानाचा आकडा ठेवावा, असं आमचं मत आहे.

पैसे आणि कागद

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी १८ टक्के आहे आणि त्यावरच्यांवर ४० टक्के. मीटिअर ३४९ सीसीची असल्यानं अलीकडच्या बाजूला राहते, हिमालयन आणि डॉमिनार पलीकडे जातात. म्हणून मोठ्या टूररच्या बाबतीत आम्ही सध्या दोन-तीन वर्षं वापरलेली गाडी बघायला सांगतो. वाचलेल्या पैशांत स्प्रिंग आणि सीट दोन्ही होतात.

हँडल थोडं वर घेणं, प्रीलोड, सीट, काच ही कामं आम्ही करतो. आरसीतल्या नोंदीशी न जुळणारे बदल करत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्याच्या आड येतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी तोच धागा आधी ओढते.

बघायला येताना

रोजचे बूट घालून या, चप्पल नको. जॅकेट आणि हेल्मेट आणा. मागे बसणारी व्यक्ती सोबत आणा, तिचं मत तुमच्या मताच्या बरोबरीनं धरलं जाईल. वजन विचारलं तर खरं सांगा, ते आम्ही कुणाला सांगत नाही. गाडी स्टँडवर लावून किमान वीस मिनिटं तिच्यावर बसून राहा. चहा आम्ही तिथेच आणून देतो. मग चक्कर मारायला जाताना सपाट रस्ता धरू नका. दुकानामागच्या गल्लीत ओळीनं तीन गतिरोधक आहेत, पहिला बऱ्यापैकी, दुसरा वाईट. तिसऱ्यावर सावकाश जा.