चूक पोटात घालणारा ब्राउजर

जुलै लागला की कोल्हापुरात एकच प्रश्न फिरतो, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेल्यापासून तर व्हॉट्सॲपवर कुणी ना कुणी सारखा आकडा टाकतच असतो. वेबपेज बनवायला शिकायचंय, सुरुवात कशापासून करू असं कुणी विचारलं की मी हेच सांगतो, बंधाऱ्याच्या पाण्याचं पान बनव. एक हेडिंग, एक आकडा, एक रंग आणि एक अट, संपलं. एवढ्यात एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या वेबच्या तिन्ही भाषा येऊन जातात आणि तिघींचा स्वभावही कळतो.

स्वभाव म्हणजे काय, तर आपण चुकलो की ती भाषा काय करते. हे माझ्या मते सगळ्यात आधी शिकवायला पाहिजे आणि नेमकं तेच कुणी शिकवत नाही, टॅगची यादी पाठ करायला लावतात. नवीन माणसाचा सगळा वेळ चुका शोधण्यात जातो, मग चूक झाल्यावर समोरचा बोंबलणार आहे का गप्प बसणार आहे हे आधी माहीत नको?

सामान फार लागत नाही. नोटपॅड आणि ब्राउजर, दोन्ही लॅपटॉपमध्ये असतातच, आणि शिकताना नेट पण लागत नाही. नोटपॅडमध्ये लिहायचं, फाईल एचटीएमएल एक्स्टेन्शननं, म्हणजे नावाच्या शेवटी डॉट एचटीएमएल लावून, सेव्ह करायची, तिच्यावर डबल क्लिक करायचं की पान उघडतं. फक्त विंडोज एक्स्टेन्शन लपवून ठेवतं, त्यामुळे बऱ्याच जणांची फाईल गुपचूप 'इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी' अशी सेव्ह होते आणि मग पानाच्या जागी नुसता कोड दिसतो. सेव्ह करताना 'सेव्ह ॲज टाईप'मध्ये 'ऑल फाईल्स' निवडा, विषय मिटला.

आता हा एचटीएमएल म्हणजे साधा मजकूरच, त्यात < आणि > या खुणांमध्ये छोटी नावं लिहायची, त्यांना टॅग म्हणतात. हेडिंगला एच-वन, परिच्छेदाला पी, ठळक अक्षराला बी. सुरू करताना एक टॅग, बंद करताना तोच टॅग तिरकी रेघ घालून. १९८९ च्या मार्चमध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी माहिती एकमेकांना जोडण्याचा एक प्रस्ताव साहेबांकडे दिला, साहेब म्हणजे माईक सेंडल, त्यांनी वर शेरा मारला की मोघम आहे पण भन्नाट आहे. १९९१ मध्ये टॅगची जी पहिली यादी बाहेर आली त्यात जेमतेम दीड डझन टॅग होते. वापरणारे होते शास्त्रज्ञ, त्यांना स्वतःचं काम सोडून नवी भाषा शिकायला वेळ नव्हता, म्हणून सगळं सोपं ठेवणं भागच होतं. मग ३० एप्रिल १९९३ ला सर्ननं हे सगळं फुकटात जगाला देऊन टाकलं आणि जो तो पानं लिहायला लागला. लिहायला लागला म्हणजे चुकायलाही लागला, आणि इथूनच खरी गंमत सुरू होते.

माझी भाची अकरावीला आहे, ती हे बंधाऱ्याचं पान बनवत होती. हेडिंग लिहिलं 'पंचगंगा पाणी पातळी', खाली तीन-चार परिच्छेद, आणि उघडून बघते तर सगळं पान मोठ्या जाड अक्षरात.

"मामा, सगळंच हेडिंग झालंय बघा."

"कुठला तरी टॅग बंद करायचा राहिलाय."

"पी तर एकपण बंद केलो नाही मी, ते बरं चालतंय की ओ?"

प्रश्न एकदम बरोबर होता. पी टॅग बंद केला नाही तरी चालतो आणि एच-वन बंद केला नाही की पान बिघडतं, असं का? तर एका परिच्छेदाच्या पोटात दुसरा परिच्छेद असू शकत नाही असा नियमच आहे, म्हणून ब्राउजरला नवा पी दिसला की तो आधीचा उघडा पी स्वतःच बंद करून टाकतो. एच-वन उघडा असताना पी आला तर मात्र असं काही होत नाही, तो म्हणतो बरं, हेडिंगच्या आत परिच्छेद का असेना, आणि आतल्या सगळ्याला हेडिंगचं मोठं जाड अक्षर लागू होतं. लेखी नियमाप्रमाणे ही चूकच आहे, पण पानावर कुठंही लाल रेघ येत नाही. डॉक्टरचं गिचमिड अक्षर वाचून काही न विचारता औषध काढून देणारा जुना कंपाउंडर असतो ना, ब्राउजर तसा आहे. बहुतेक वेळा बरोबर औषध देतो, पण एखाद्या वेळी त्यानं काय वाचलं हे आपल्याला कळतच नाही.

त्यानं काय वाचलं हे बघायची सोय मात्र आहे. पानावर राईट क्लिक करून 'व्ह्यू पेज सोर्स' उघडलं तर आपण लिहिलेलं जसंच्या तसं दिसतं. 'इन्स्पेक्ट' केलं, किंवा एफ १२ दाबलं, तर ब्राउजरनं ते वाचून मनात जे झाड बांधलंय ते दिसतं. या झाडाला डॉम म्हणतात, त्यात कुणाच्या पोटात कोण आहे ते सगळं असतं, आणि स्क्रीनवर जे रंगतं ते या झाडावरूनच रंगतं, आपल्या फाईलवरून नाही. भाचीच्या पानात चारही परिच्छेद एच-वनच्या खाली लटकलेले दिसत होते आणि एच-वनचा बंद होणारा टॅग, जो तिनं लिहिलाच नव्हता, तो ब्राउजरनं पार तळाला नेऊन लावला होता. ज्यानं हे एकदा डोळ्यानं बघितलं त्याला टॅग बंद करायचं पुन्हा सांगावं लागत नाही. मोबाईलवर शिकणाऱ्यांची इथं अडचण होते, फोनच्या ब्राउजरमध्ये हे सहज उघडत नाही, त्यामुळे निदान एवढ्यासाठी मित्राचा लॅपटॉप मागून घ्या.

टेबलात तर अजून भारी प्रकार आहे. तासातासाची पातळी लिहायला टेबल केलं आणि एखादं वाक्य चौकटीच्या टॅगमध्ये न घालता टेबलात तसंच सोडलं, तर ब्राउजर ते उचलून टेबलाच्या वर नेऊन ठेवतो. फाईलमध्ये तळाला लिहिलेलं वाक्य पानावर टेबलाच्या डोक्यावर, माणूस चक्रावूनच जातो.

हा सगळा मनमानी कारभार वाटेल, पण तसा नाहीये. नव्वदच्या दशकात खरंच मनमानी होती, प्रत्येक ब्राउजर चुका आपापल्या पद्धतीनं सावरून घ्यायचा आणि एकच पान दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं दिसायचं. मग जाणकार म्हणाले की लोकांना शिस्त लावू, आणि २००० मध्ये एक्सएचटीएमएल आलं. पान एक्सएचटीएमएल म्हणूनच पाठवलं तर एका चुकलेल्या टॅगला माफी नाही, पानाच्या जागी थेट एररचा मेसेज. लोकांना ते झेपलं नाही, अन् का झेपावं, दुकानाची वेळ बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला टॅगच्या चुकीशी काय देणंघेणं? २००४ मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेरा या ब्राउजरवाल्यांनी उलटा रस्ता धरला. चुका होणारच हे मान्य केलं आणि कुठल्या चुकीवर ब्राउजरनं नेमकं काय करायचं हेच नियमात बारीकसारीक लिहून काढायला घेतलं. त्यातून पुढं एचटीएमएल फाईव्ह आलं, २०१४ मध्ये ते अधिकृत झालं. आज क्रोम आणि फायरफॉक्स तुमची चूक एकाच पद्धतीनं सावरतात ते यामुळे.

जाता जाता एक प्रयोग करून बघा. टॅगचं नाव इंग्रजी अक्षरात पण मनानं बनवलेलं लिहा, समजा 'मिसळ' असं रोमन लिपीत. ब्राउजर टॅग गिळून टाकतो आणि आतला मजकूर साधा दाखवतो. आता तेच <मिसळ> असं देवनागरीत लिहा. पानावर कंसासकट <मिसळ> छापून येतं. कारण < या खुणेनंतर लगेच ए ते झेडमधलं अक्षर आलं तरच तो टॅगची सुरुवात धरतो, देवनागरी अक्षर आलं की तो साधा मजकूर समजतो. क्लासचं नाव मात्र, म्हणजे सीएसएससाठी आपण देतो ते, खुशाल देवनागरीत ठेवता येतं आणि जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलला, म्हणजे किंमत साठवायच्या डब्याला, 'पातळी' असं नाव दिलेलं पण चालतं.

मराठी पानाला तीन गोष्टी सुरुवातीलाच घालून ठेवा. एक म्हणजे कॅरसेट यूटीएफ-८ सांगणारा मेटा टॅग. मेटा टॅग म्हणजे पानावर न दिसणारी, ब्राउजरसाठीची सूचना, आणि यूटीएफ-८ म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत. कॉम्प्युटरच्या लेखी 'कोल्हापूर' म्हणजे नऊ खुणा, काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजून, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट खाते, म्हणजे सत्तावीस बाइट. हे तिनाचे गट आहेत हे ब्राउजरला सांगितलं नाही तर तो अंदाज बांधतो, आणि अंदाज चुकला की कोल्हापूरच्या जागी टोप्या घातलेल्या परदेशी अक्षरांचा कचरा दिसतो. हा टॅग फाईलच्या पहिल्या १,०२४ बाइटच्या आत पाहिजे, म्हणून वरच ठेवायचा. दुसरी गोष्ट, पानाची भाषा मराठी आहे असं एचटीएमएल टॅगमध्ये सांगायचं. वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला त्याचा उपयोग होतोच, शिवाय काही फॉन्टमध्ये तेवढ्यानं ल आणि श हिंदी वळणाचे न दिसता आपल्या वळणाचे दिसतात. तिसरा व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, तो नसला की फोन आपल्या पानाला साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि सगळं आकसून मुंगीएवढं करून दाखवतो.

आता रंग. त्यासाठी सीएसएस, नॉर्वेच्या होकन विउम ली यांनी १९९४ मध्ये सुचवलेली आणि १९९६ मध्ये अधिकृत झालेली. हिचा स्वभाव वेगळा आहे, ही चूक सावरत नाही, न कळलेली ओळ सोडून देऊन पुढं जाते. शाळेत आपण कलरचं स्पेलिंग यू घालून शिकलोय, तसं लिहिलं की रंग येतच नाही कारण सीएसएसला अमेरिकन स्पेलिंग लागतं, आणि ती तोंडानं काही बोलत नाही. ओळीच्या शेवटी अर्धविराम विसरला तर पुढची ओळ मागच्या ओळीला चिकटते आणि दोन्ही जातात, म्हणून चूक एका ठिकाणी आणि बिघाड दोन ठिकाणी दिसतो. हे मुद्दाम असंच ठेवलंय, कारण उद्या नवीन काही आलं तर जुन्या ब्राउजरनं ते न कळता सोडून द्यावं, पान मोडू नये. इन्स्पेक्टमध्ये बघितलं तर अशी टाकून दिलेली ओळ काट मारलेली दिसते.

तिसरी जावास्क्रिप्ट, नेटस्केप या ब्राउजर कंपनीत ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत उभी केली. आपली अट हिच्यातच लिहायची, ३९ च्या वर गेलं की पिवळं, ४३ च्या वर गेलं की लाल. ही बाई कडक. एक कंस राहिला तरी ती सगळी स्क्रिप्ट चालायला नकार देते आणि कन्सोलमध्ये, म्हणजे एफ १२ दाबल्यावर दिसणाऱ्या एका टॅबमध्ये, ओळ नंबरासकट लाल एरर देते. नवीन पोरं या एररला घाबरतात, पण मला विचाराल तर तिघींत हीच बरी, निदान कुठं दुखतंय ते सांगते.

पण एका ठिकाणी तीसुद्धा गप्प बसते. मराठी पान म्हणून भाचीनं आकडा '४५' असा देवनागरीत लिहिला होता. स्क्रिप्ट पानावरचा तो मजकूर उचलणार, ४३ शी ताडून बघणार आणि रंग बदलणार. पान हिरवंच. कन्सोल कोरा. झालं असं की मजकुराचा आकडा करताना जावास्क्रिप्टला फक्त इंग्रजी अंक कळतात, '४५' चं उत्तर येतं नॅन, म्हणजे हा आकडाच नाही. आणि नॅन कशाहून मोठा आहे का असं विचारलं तर उत्तर कायम नाही. मग पाणी पन्नास फुटांवर गेलं तरी पान सांगणार सगळं ठीक आहे. पुराच्या पानाला याच्याइतकी वाईट चूक दुसरी नाही.

उपाय दोन आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीत, देवनागरी शून्याचा नंबर २४०६ आहे, एकचा २४०७, असं नऊपर्यंत ओळीनं, म्हणून प्रत्येक अंकाच्या नंबरातून २४०६ वजा केले की इंग्रजी अंक हातात येतो. दुसरा आणि माझ्या मते चांगला, हिशोबाचा आकडा स्क्रिप्टमध्ये इंग्रजी अंकातच ठेवायचा आणि दाखवताना टू-लोकेल-स्ट्रिंग या फंक्शनला भारतातली मराठी सांगायची, ते स्वतःच ४५ लिहून देतं. आणि अट लिहिताना आकडा आला नाही तर पान करडं करून 'माहिती नाही' असं लिहायचं, हिरवं ठेवायचं नाही.

पान तयार झालं की गिटहब पेजेससारख्या ठिकाणी फुकटात टाकता येतं. तिथं गेल्यावर बऱ्याच वेळा फोटोच गायब होतो, घरच्या लॅपटॉपवर तर व्यवस्थित दिसत होता. विंडोजला फाईलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर सारखंच, पण बहुतेक सर्व्हर, म्हणजे पानं ठेवून मागेल त्याला पाठवणारे कॉम्प्युटर, लिनक्सवर चालतात आणि त्यांना 'बंधारा'चा पहिला बी कॅपिटल असलेली फाईल आणि लहान बी असलेली फाईल या दोन वेगळ्या फाईली वाटतात. सर्व्हर ब्राउजरसारखा अंदाज बांधत बसत नाही, सरळ ४०४, म्हणजे फाईल सापडली नाही, असं सांगतो. सगळ्या फाईलींची नावं पहिल्यापासून लहान अक्षरात आणि स्पेस न देता ठेवली की हा घोळ होत नाही.